उजव्या भिंतीवरची सात चित्रं

आमच्या चर्चच्या समितीत मला घेतलं, ते मी चित्रकलेची शिक्षिका आहे म्हणून. निदान अध्यक्षांनी तसं सांगितलं. खरं कारण एवढंच की समितीत एक तरी बाई दाखवायची होती, आणि बाकीच्या बायका त्यांना उलट बोलत. मी बोलत नसे.

चर्च अंबडहून अर्ध्या तासावरच्या गावात आहे. तिथं क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रं होती. येशूला शिक्षा सुनावली तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथवरची चौदा स्थानं, सात डाव्या भिंतीवर, सात उजव्या. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी मंडळी एकेका चित्रापुढं थांबून प्रार्थना करतात आणि पुढं सरकतात. वेदीपासून डाव्या भिंतीनं दारापर्यंत यायचं, मग दारापासून उजव्या भिंतीनं परत वेदीपर्यंत.

ही चित्रं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं पत्र्यावर ऑइलपेंटनं काढलेली होती. तो ख्रिस्ती नव्हता. त्याला जसं सांगितलं तसं त्यानं काढलं. हात त्याला अजिबात जमत नव्हते, बोटं गाजरासारखी यायची. शिपायांना त्यानं हवालदाराच्या मिशा दिल्या होत्या. पण येशूचा क्रूस उचलायला लावलेला शिमोन शेतातून येत होता हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार, कारण शिमोनाच्या पोटऱ्यांपर्यंत काळी माती होती. माझ्या मावशीला वाचता येत नाही. तिनं येशूचं सगळं दुःख या पत्र्यांवरून पाठ केलं, आणि मी लहान असताना माझं मनगट धरून चित्रापुढं उभं करत मलाही तसंच शिकवलं.

अध्यक्ष जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. चर्चची प्रत्येक गोष्ट त्यांना फाइलसारखी वाटायची, पुढं सरकवली की झालं. शहरातल्या कुठल्या तरी चर्चमध्ये त्यांनी आतून उजेड पडणाऱ्या चित्रांच्या पेट्या पाहिल्या आणि त्या आपल्याकडं हव्यात असं ठरवून टाकलं. बैठकीत त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

"मॅडम, कलेच्या दृष्टीनं कसं वाटतं?"

गुलाबी गालांचा, नुकतेच केस धुतल्यासारखा येशू. तीनदा पडूनही अंगाला धुळीचा कण नाही. रडणाऱ्या बायका साबणाच्या जाहिरातीतल्या. मला किळस आली. पण साडेपाचची बस होती, आणि फादर मान खाली घालून मोबाइलच बघत होते.

"छान आहेत," मी म्हणाले आणि ठरावावर सही केली.

पेट्या बसल्या. पहिल्या रविवारी लोकांनी त्यांच्यापुढं उभं राहून फोटो काढले. प्रार्थना किती जणांनी केली ते मला दिसलं नाही. जुने पत्रे अध्यक्षांनी "जपून ठेवलेत" असं सांगितलं. त्यांतला शिमोन मला पुढं त्यांच्याच शेतात, पाण्याच्या मोटारीवर झाकण म्हणून दिसला.

मग उपवासकाळातला पहिला शुक्रवार आला. डावी भिंत नीट पार पडली. सातव्या चित्रात येशू दुसऱ्यांदा पडला, आणि आम्ही दाराशी वळून उजव्या भिंतीपुढं आलो. फादरांनी पुस्तकातून आठवं स्थान वाचलं, येशू यरुशलेमच्या स्त्रियांचं सांत्वन करतो. समोरच्या पेटीत येशूला कबरेत ठेवत होते.

पेट्या बसवणाऱ्यानं उजवी भिंत वेदीकडून सुरू केली होती. सातही चित्रं उलट्या क्रमानं लागली होती. फादर वाचत राहिले, लोक गुडघे टेकत राहिले. साठ-सत्तर माणसं, त्यांत चार शिक्षक, एक वकील. कुणाच्या कपाळावर आठी नाही. मावशीनं माझा दंड धरला.

"आगं, ह्यो तर मेला इथं. आत्ता तर पडल्ता."

"हळू बोल, मावशी."

"हळू काय? त्याला खिळे कवा मारले मंग?"

चौदाव्या स्थानी फादरांनी येशूला कबरेत ठेवलं, तेव्हा चित्रातला येशू हात उंचावून बायकांशी बोलत उभा होता.

प्रार्थना संपल्यावर मी अध्यक्षांना दाखवलं. ते बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले. त्यांना क्रम माहीतच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. वर्षानुवर्षं ते पुढच्या बाकावर बसत होते.

"चांगलंच झालं की," ते शेवटी म्हणाले. "शेवटी जिवंत दिसून राह्यला. लोकांना बरं वाटंल."

फादर म्हणाले, "ईस्टरनंतर बघू."

पण बायकांत कुजबुज झाली, म्हणून अध्यक्षांनी पेट्या बसवणाऱ्याला फोन केला. त्यानं सांगितलं, काढायला गेलो तर टाइल्स फुटतील. तेव्हा अध्यक्षांनी तोडगा काढला. चित्रांखालचे आकडेही उलटे होते, दाराशी चौदा आणि वेदीजवळ आठ. त्यांनी त्यांच्यावर नवे आकडे चिकटवून घेतले, दारापासून आठ, नऊ, दहा. चित्रं होती तशीच.

"आता बिलकुल बराबर झालं," ते मला म्हणाले.

शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्च तुडुंब भरलं होतं. सातव्या स्थानानंतर मंडळी दाराशी वळली. मावशी वळली नाही. ती मधल्या वाटेनं काठी टेकत थेट वेदीकडं गेली आणि उजव्या भिंतीच्या त्या टोकाला, रडणाऱ्या बायकांच्या पेटीपुढं उभी राहिली. तिथून ती एकटी दाराच्या दिशेनं यायला लागली, लोक जात होते त्याच्या उलट. खांद्याला खांदा लावून चाललेल्या गर्दीला तिच्यासाठी बाजूला व्हावं लागत होतं. काही मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या. अध्यक्ष पुढं झाले.

"मावशी, इकडून. सगळे इकडून चाललेत."

"तिकडून त्यो आधीच मेलाय, साहेब," ती म्हणाली. "मला अजून त्याच्यासंगं चालायचंय."

त्यांनी तिच्यासाठी वाट सोडली, म्हातारीला सांभाळून घेतल्यासारखा चेहरा करून. तिला खिळे मारतानाच्या पेटीपुढं गुडघे टेकायचे होते, तेव्हा तिनं आधारासाठी हात पुढं केला आणि गर्दीत मला शोधलं. माझ्या शाळेतले पालक आजूबाजूला होते, मुख्याध्यापकांची बायको होती. मी हातातलं पुस्तक उघडलं. कुणा अनोळखी बाईनं तिला धरून खाली बसवलं.

नंतर अंगणात अध्यक्ष माझ्याजवळ आले.

"म्हाताऱ्या माणसांचं मनावर घ्यायचं न्हाई, मॅडम."

मावशी चार पावलांवर चप्पल शोधत होती. तिला ऐकू गेलं असणार. मी अध्यक्षांकडं बघून हसले.