पाचवीची अंघोळ

जळकोटच्या आसपास आज मिशीला ताव देत फिरणाऱ्या कितीतरी गड्यांना केवळाबाईनं पायांवर पालथं घालून चोळलेलं आहे, आणि ते ती चारचौघांत सांगतेही. एकदा तर भर चावडीसमोर तिनं सरपंचाला ऐकवलं होतं, "सरपंच झालास म्हणून काय झालं, माझ्या पायावर मुतल्यालाच हायस तू." लोक पोट धरून हसले होते आणि सरपंचही हसला होता, दुसरं करणार काय?

पाटावर बसून पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ घ्यायचं, आधी तेल, मग बेसन-हळद, मग कढत पाण्याचे तांबे. चाळीस वर्षं तिनं हेच केलं. पण अलीकडं सुना मोबाइलमध्ये बघून प्लास्टिकच्या टबात लेकरं धुवायला लागल्या. गेल्या वर्षात तिला मोजून दोन घरांनी बोलावलं. केवळाबाई वरवर त्या टबांची टिंगल करायची, आतून मात्र तिला ते फार लागलं होतं.

म्हणूनच तुळजाबाईनं निरोप धाडला तेव्हा ती नवं लुगडं नेसून गेली. तुळजाबाईची सून ऋतुजा बाळंत झाली होती. ऋतुजाला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. मुलगी झाली होती, चणीनं अगदी लहान.

तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याची आशाताई, सिंधू, वजनकाटा घेऊन आली. तुळजाबाई गिरणीत गेली होती, ऋतुजाचा डोळा लागला होता, घरात केवळाबाई एकटीच जागी. सिंधूनं काट्याकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"मावशी, वजन घटलंय, दोन किलोच्या खाली आलंय. मी सांगेस्तोवर अंघोळ घालायची न्हाई. नुसतं कोमट फडक्यानं पुसायचं अन् आईच्या छातीला लावून ठेवायचं. दोघींलाबी सांगा बरं का, तुमचं ऐकतेत त्या."

"हाव, सांगते की," केवळाबाई म्हणाली.

तिनं सांगितलं नाही. विसरली असती तर तसं म्हणता आलं असतं, पण ती विसरली नव्हती. दोन दिवसांवर पाचवी होती, संध्याकाळी सटवाई पुजायची, त्याआधी बाळाला न्हाऊ घालायचं, शेजारच्या बायका बघायला येणार होत्या. कालची पोर काटा घेऊन येते आणि आपल्याला शिकवते, असं तिच्या मनात आलं. याहून कमी वजनाची लेकरं आपण न्हाऊ घातली, असंही आलं. त्यातली काही पुढं दिसली नाहीत, हे मात्र मनात आलं नाही.

पाचवीला पौषातली थंडी होती. न्हाणीच्या दाराशी तीन बायका उभ्या होत्या. पहिल्या तांब्याला पोर रडली. दुसऱ्याला तिचं रडणं बारीक झालं आणि तिसऱ्याला थांबलंच. ओठांवर निळी झाक आली. केवळाबाईनं ती पाहिली. "केवळाचा हात म्हंजे हात! बघा कसं गप झालं लेकरू," तुळजाबाई कौतुकानं म्हणाली, आणि केवळाबाईनं घंगाळात उरलेलं सगळं पाणी पोरीवर ओतलं.

संध्याकाळी पोर दूध ओढेना. रात्र पडायच्या आत तिला लातूरला नेलं. नऊ दिवस ती काचेच्या पेटीत होती.

घरात खापर फुटलं ऋतुजावर. अंघोळीनंतर खोलीत धुरी कोंडली, म्हणून तिनं घटकाभर पंखा लावला होता आणि तुळजाबाईनं ते पाहिलं होतं. "पंखा लावला हिनं, लेकरू गारठवलं," हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली. सिंधूनं केवळाबाईला गाठून विचारलं, "सांगितलं होतं ना तुमी?" केवळाबाई म्हणाली, "हाव, सांगितलं की. ऐकते कोण?" हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्यामुळंच तिला स्वतःची किळस आली.

पोर जगली. घरी आली, बाळसं धरू लागली. केवळाबाई रोज ऋतुजाचं अंग चोळायला जायची. ऋतुजा पोरीला पाजायची, पण सासूनं मांडीवर आणून ठेवली तरच, आणि पाजून झालं की लगेच परत द्यायची. तिचे हात पदराखाली आवळलेले असायचे. केवळाबाई ते रोज बघायची. उद्या सांगू, असं रोज ठरवायची आणि घरी जाऊन भाकरी पुढं घेऊन नुसती बसून राहायची.

पोर घरी आल्यापासून बाराव्या दिवशी सिंधूनं अंघोळीला परवानगी दिली. केवळाबाईनं पोरीला पायांवर घेतलं, तेल लावलं. ऋतुजा दाराला टेकून उभी होती.

"ये माय, आज तू घाल पाणी. बग, कोमटच हाय."

ऋतुजा दोन पावलं मागं सरली. "न्हाई मावशी. माझा हात लागला की तिला कायतरी व्हतंय. तुमीच घाला."

केवळाबाईचा तांब्याकडं गेलेला हात तिथंच राहिला. "तुझ्या पंख्यानं काय बी झालं न्हाई, पोरी," ती म्हणाली. "सिंधू मला सांगून गेली हुती, अंघोळ घालू नका म्हणून. म्या तुमाला सांगितलंच न्हाई. तिचे व्हट निळे झालते, ते बी म्या बगितलं. तरी पानी घातलं."

"काय बरळायलीस केवळा?" तुळजाबाई ओरडली.

 ऋतुजा पुढं आली, वाकली आणि तिनं तेलानं निसटणाऱ्या पोरीला केवळाबाईच्या पायांवरून उचलून पदरात छातीशी धरलं. सासूनं हात पुढं केला, तिकडं तिनं पाहिलंही नाही.

"बारा दिवस तुमी रोज येत व्हत्या, मावशी," ती म्हणाली. "बारा दिवस मी हिला पोटाशी घेतलं न्हाई."

 केवळाबाई पाटावर तशीच पाय पसरून बसून राहिली.