दुखऱ्या हाताच्या खुणा

मास्तर शाळेतले नव्हते. पुनर्वसन केंद्रात लकवा मारलेल्या, हाडं मोडलेल्या माणसांकडून व्यायाम करून घेणं हे त्यांचं काम. दिवसभर 'उठा, बसा, पुन्हा करा' एवढंच बोलत असल्यामुळे लोकांनी त्यांना परस्पर मास्तर करून टाकलं होतं. वय चव्वेचाळीस. घरात माणसं एक, ते स्वतः, तेही बहुतेक वेळ गप्प.

व्यायामाचे नव्याचे नऊ दिवस असतात, हे मास्तरांना पक्कं ठाऊक. म्हणून घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या भिंतीवर ते महिन्याचा तक्ता चिकटवत. व्यायाम झाला की त्या तारखेला बरोबरची खूण करायची. अट एकच, खूण दुखऱ्या हातानेच.

लकव्याने उजवा हात गेलेल्या टेलरकाकांनी पहिल्याच महिन्यात तीसच्या तीस खुणा दाखवल्या. सगळ्या एकसारख्या, जणू मशीनवर शिवलेल्या. काकांच्या उजव्या हातात तेव्हा बटणसुद्धा ठरत नव्हतं.

"काका, हे कुणी शिवलं?"

"मीच. डाव्या हाताने, एका बैठकीत. गिऱ्हाईक दारात आल्यावर कपडा तयार नको का?"

सूनबाई आतून म्हणाल्या, "तुमची पाठ वळली की बाबा हातावर हात धरून बसतात, मास्तर."

"एक चालत नाही म्हणून दुसऱ्याने धरतो. त्यात काय बिघडलं?"

त्या दिवसापासून मास्तर रोज सकाळी सातला फोन करू लागले. इकडे गॅसवर चहाचं पातेलं, तिकडे काकांच्या मुठीत मऊ चेंडू. मास्तर वीसपर्यंत मोजत, काका दातओठ खात चेंडू दाबत, आणि चौदा आला की हटकून विचारत, "साखर टाकली का?" टाकलेली नसायचीच. असे पाच महिने गेले. तक्त्यावरच्या खुणा आता बालवाडीतल्या पोराने काढल्यासारख्या वेड्यावाकड्या यायच्या, म्हणजे खऱ्या.

एक दिवस केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तो पेशंट व्यायाम करतो, की तुमचा फोन उचलतो?"

कुबडी वेळेवर सोडली नाही तर पाय तिचाच होऊन बसतो, हे मास्तर स्वतःच जगाला सांगत फिरायचे. त्यांनी काकांना कळवलं, "आता पंधरा दिवस फोन नाही. तुमचं तुम्ही मोजा."

"सुटलो!" काका म्हणाले.

सुटले ते काका. सवय लावायला गेले मास्तर आणि लागली त्यांनाच. पहिल्या सकाळी त्यांनी फोन तीनदा हातात घेऊन बॅटरी पाहिली. भरलेली होती. काका हात टाकून बसले असतील, पाच महिने पाण्यात गेले, या धास्तीने चहा दोनदा उतू गेला. पण फोन त्यांनी केला नाही.

सोळाव्या दिवशी ते काकांच्या घरी तक्त्यासमोर उभे राहिले. पहिले दोन दिवस कोरे. तिसऱ्यापासून खुणा, तिरक्या, एक तर चौकटीबाहेर पळालेली. नववा दिवस कोरा.

"दोन दिवस वाट बघितली," काका म्हणाले. "वाटलं, या माणसाला राहवणार नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, गेला मास्तर खड्ड्यात, आपणच मोजू."

"आणि नववा?"

"ताप होता. खोटी खूण कशाला करू?"

मग काकांनी उजव्या हातात मोठी कात्री घेतली आणि वर्तमानपत्रावर खडूने आखलेल्या रेषेवर चालवली. वीतभर सरळ गेली, मग घसरली.

"महिन्याभरात फ्रॉक कापतो नातीचा. आता तुमचं काही काम नाही इथे."

"तेच ऐकायला आलो होतो," मास्तर म्हणाले. ते खरंच होतं, तरी निघायला त्यांनी जरा वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी पातेलं ठेवलं आणि ओट्याला टेकून सवयीने मोजायला लागले. चौदावर थांबले. कुणी काही विचारलं नाही. साखर टाकली होती की नव्हती, हे त्यांनाच आठवेना, म्हणून चमचाभर टाकली. चहा दुप्पट गोड झाला. तो त्यांनी उभ्यानेच, सगळा प्यायला.