रद्दीत गेलेले केसपेपर

दवाखान्यात मी लागले तेव्हा माझं काम सोपं होतं. पेशंट दारातून आत आला की मागच्या लोखंडी कपाटातून त्याचा केसपेपर काढायचा आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा. पुढं पुढं नाव विचारायचीही गरज पडेना. चपलांच्या आवाजावरून माणूस कळायचा.

केसपेपर म्हणजे पिवळट जाड कार्ड. एक भरलं की त्याला दुसरं टाचायचं. काही घरांची चळत विटेएवढी जाड झालेली. ती चाळल्याशिवाय मोठे डॉक्टर नाडीला हात लावत नसत. गुजरीत सोन्याचं दुकान असलेला माणूस आणि मार्केट यार्डातला हमाल एकाच बाकावर बसायचे आणि दोघांच्याही तीन पिढ्यांचं दुखणंखुपणं त्या एका कपाटात असायचं. कुणाकडं फी नसली तर डॉक्टर हातानंच 'जा' म्हणून खूण करायचे. मी ते बघून न बघितल्यासारखं करायचे.

त्या कपाटात एका मावशींचं कार्ड होतं. मूळच्या शाहूवाडीकडच्या, पण लग्नानंतरचा सगळा जन्म इथंच गेलेला. नवरा वारला होता, एक मुलगी होती. स्टँडजवळच्या एका खानावळीत त्या भाकरी थापायच्या. सकाळी दहाला भट्टीपुढं बसल्या की दुपारी चारला उठायच्या. खानावळीत बायकांसाठी संडास नव्हता, म्हणून त्या तहान लागली तरी पाणी पीत नसत. त्यामुळं वर्षातून दोनदा-तीनदा लघवीला आग व्हायची, ताप भरायचा, आणि अंगाला पिठाचा वास घेऊन मावशी आमच्या बाकावर येऊन बसायच्या. फार पूर्वी एकदा एका गोळीनं त्यांच्या तोंडात फोड आले होते. तेव्हापासून त्यांच्या कार्डावर मोठ्या डॉक्टरांनी लाल शाईनं त्या औषधाचं नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मग मोठ्या डॉक्टरांचे हात थरथरायला लागले आणि धाकट्या डॉक्टरांनी, म्हणजे त्यांच्या मुलानं, दवाखाना हातात घेतला. मोठे डॉक्टर वरच्या मजल्यावर राहायला होते, ते वरच राहिले. खाली फरशी बदलली, एसी आला, बाकाच्या जागी गुबगुबीत खुर्च्या आल्या. कोपऱ्यात कॉफीचं मशीन आणि दर पाच मिनिटांनी फूस्स करून वास सोडणारा एक डबा.

त्याच वेळी 'फॅमिली प्लॅन' आला. वर्षाचे पैसे एकदम भरायचे. मग वर्षभर कधीही फोन करा, मोबाईलवर रिपोर्ट पाठवा, डॉक्टर तुमचे. मावशींचा दोन महिन्यांचा पगार एकत्र केला तरी तेवढे पैसे झाले नसते. ज्यांचा प्लॅन नाही त्यांना बघायचं नाही.

"गर्दी कमी होईल," धाकटे डॉक्टर मला म्हणाले. "प्रत्येकाला वीस मिनिटं देता येतील. आता दोन मिनिटांत काय तपासणार मी?"

ते खोटं बोलत नव्हते. खरंच प्रत्येकाला वीस मिनिटं मिळायला लागली. एक कारखानदार रोज सकाळी स्वतःच्या जिभेचा फोटो पाठवायचे आणि 'ठीक आहे ना?' विचारायचे. धाकटे डॉक्टर चहा घेता घेता तो फोटो मोठा करून बघायचे आणि उत्तर द्यायचे.

कपाट काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला यादी दिली. यादीतल्या घरांचे केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायचे, बाकीचे रद्दीत. तीन दिवस मी जमिनीवर बसून ते काम केलं. हा ढीग ठेवायचा, हा टाकायचा. टाकायचा ढीग माझ्या खांद्याएवढा झाला. त्यात कुणाचा दमा होता, कुणाची फिट, कुणाच्या बाळंतपणात काय झालं ते होतं. मावशींचं कार्डही हातात आलं. मी ते वाचलंसुद्धा नाही, नाव बघितलं आणि टाकलं. रद्दीवाल्यानं पोती भरताना विचारलं, "ताई, ह्यात काय कामाचं न्हाय न्हवं?" मी म्हणाले, "नाही."

हे सगळं मी का केलं, तर स्टाफला प्लॅन फुकट होता. माझ्या नवऱ्याला साखरेचा आजार आहे, सासूबाईंना दमा. माझ्या पगारात असा डॉक्टर आम्हाला कधी मिळाला नसता.

मावशी आल्या त्या दिवशी उन्हाळा होता. तापानं डोळे लाल झालेले, पदर डोक्यावर. काचेचं दार ढकलायचं की ओढायचं ते त्यांना कळेना. मी उठून उघडलं. खुर्चीवर बसलेल्या एका माणसानं त्यांना बघून शेजारची स्वतःची बॅग उचलून मांडीवर घेतली.

"आग व्हायलीया लई," त्या काउंटरपाशी हळू आवाजात म्हणाल्या.

"मावशी, आता पद्धत बदलली आहे. वर्षाचा प्लॅन घ्यावा लागतो." किती ते सांगितल्यावर त्यांनी परत विचारलं नाही.

"येकदाच दावायचं आसलं तर?"

"तसं नाही बघत आता."

"मोठं डॉक्टर?"

"ते नाही बसत."

"बरं, मग माजा कागद तरी द्या. दुसरीकडं दावते. कुटली गोळी चालत न्हाय ती त्येच्यावर लाल अक्षरात लिवलीया की."

"कागद नाहीत, मावशी. जुने रद्दीत घातले."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "आमचंच, का समद्यांचं?"

मी काउंटरवरचे कागद सारखे केले.

"मग त्या गोळीचं नाव तरी सांगा, ताई. तुमाला म्हायीत आसंल."

मला आठवेना. खरंच आठवेना. वर मोठे डॉक्टर होते, जिना चढायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण 'पेशंटच्या गोष्टी घेऊन पपांकडं जायचं नाही' अशी धाकट्या डॉक्टरांची ताकीद होती, खुर्चीतला माणूस घड्याळ बघत होता, आणि फोन वाजला. मी फोन उचलला. ठेवला तेव्हा मावशी गेल्या होत्या.

नंतर कळलं ते असं. त्या स्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात गेल्या आणि लघवीला आग होते म्हणाल्या. दुकानदारानं गोळ्या दिल्या. मावशींना वाचता येत नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांची मुलगी दवाखान्यात आली आणि दारातूनच ओरडली, "आईला सरकारी दवाखान्यात घातलंय. कुटली गोळी चालत न्हाय ती सांगा, डॉक्टर विचारत्यात." सगळ्या खुर्च्या तिच्याकडं बघायला लागल्या. धाकट्या डॉक्टरांनी केबिनमधून मला खूण केली, तिला बाहेर घे म्हणून.

मी तिला बाहेर घेतलं आणि तशीच तिच्याबरोबर रिक्षात बसले.

मावशींचे ओठ काळे पडले होते, खपल्या धरल्या होत्या. डोळे चिकटलेले. गळ्याखालची कातडी भाजल्यासारखी सुटली होती. वॉर्डातली तरुण डॉक्टर दमलेली होती, चिडलेली होती. "नेहमीचे डॉक्टर कोण तुमचे? त्यांच्याकडं काहीतरी नोंद असेल ना?"

"आमचं न्हाईत नेहमीचं डॉक्टर," मुलगी म्हणाली.

मी तिथंच उभी होते. माझ्या गळ्यात दवाखान्याचं नाव असलेलं ओळखपत्र होतं. मी ते पदराखाली सरकवलं. इतकी शिसारी मला आयुष्यात दुसऱ्या कशाची आलेली नाही.

परत येऊन मी कुणाला न विचारता जिना चढले. मोठे डॉक्टर पेपर वाचत होते. मावशींचं नाव घेतल्याबरोबर म्हणाले, "सल्फा. तिला सल्फाची गोळी चालत नाही. का, काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "मग मला विचारायचं की गं!"

धाकटे डॉक्टर मागोमाग वर आले. "पपा, ती आपली पेशंट नव्हती."

"बावीस वर्षं बघितलंय मी तिला."

"प्लॅनमध्ये नव्हती, असं म्हणतोय मी. औषध आपण दिलेलं नाही. आपल्यावर काही येणार नाही."

मोठ्या डॉक्टरांनी कागद घेतला आणि ते चिठ्ठी लिहायला बसले. हात इतका थरथरत होता की चार ओळींना दहा मिनिटं लागली. ती चिठ्ठी मी वॉर्डात नेऊन दिली.

मावशी वाचल्या. तीन आठवड्यांनी घरी आल्या, पण डोळ्यांपुढचा धूर गेला नाही आणि आच सोसवेना. खानावळीनं तोवर दुसरी बाई ठेवली होती. मी फळं घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा दिला, आणि एक शब्दही वावगा बोलल्या नाहीत. त्यांच्या मुलीनं मात्र मी निघाल्यावर फळांची पिशवी दाराबाहेर आणून ठेवली. आता डोळे दाखवायला त्या सरकारी दवाखान्यात जातात. दर वेळी डॉक्टर वेगळा, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं.

राजीनामा मी दोनदा लिहिला. दुसऱ्यांदा लिहिला त्याच आठवड्यात नवऱ्याच्या पायाला जखम झाली. धाकटे डॉक्टर रविवारी स्वतःहून घरी आले, मांडी घालून खाली बसले आणि जखम धुतली. हात हलका आहे त्यांचा. निघताना म्हणाले, "पाय वाचला, काळजी करू नका." मी त्यांना वाकून नमस्कार केला.

मागच्या महिन्यात प्लॅनचे दर वाढले. नवा फलक मीच भिंतीवर लावून घेतला आणि सरळ बसलाय का ते दोन पावलं मागं जाऊन बघितलं.