गिळायची नाही

पिंपाचं बूच काढलं, नाक पिंपाच्या तोंडाशी नेलं आणि मला काहीच वास आला नाही. काहीच म्हणजे काहीच. ओक लाकडाचं पिंप, आत वर्षभराची लाल वाईन, आणि मी जणू रिकाम्या बादलीत डोकं घातलं होतं. बूच लावलं, पुन्हा काढलं. मग धावत स्वयंपाकघरात गेले आणि हिंगाची डबी उघडली. हिंगही मुका. लसूण ठेचून नाकाशी धरला, तोही तसाच. मी ओट्याला टेकून खाली बसले.

मागच्या आठवड्यात ताप येऊन गेला होता. तोंडाला चव नव्हती, पण तापात कोणाच्या तोंडाला असते? सासूबाई पेज करून देत होत्या, मी पीत होते. नाक गेलंय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

नाक गेलं म्हणून एवढा आकांत कशाला, असं कोणी म्हणेल. तर आमची माढ्याजवळ द्राक्षाची बाग आहे आणि आम्ही वाईन करतो. एका कंपनीने वाईनची द्राक्षं लावा म्हणून गळ घातली, बाग फळाला आली आणि कंपनी गाशा गुंडाळून निघून गेली. ही द्राक्षं बाजारात कोणी खात नाही, नुसत्या बिया आणि जाड साल. तेव्हा माझ्या नवऱ्याने ठरवलं की आपणच वाईन करायची. अडचण एवढीच होती की घरात कोणी पीत नव्हतं. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ. नवऱ्याच्या गळ्यात माळ नाही, पण गालात अष्टौप्रहर तंबाखू. राहिले मी. माझं माहेर सोलापूरचं, भवानी पेठेतलं, आणि मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. घरच्यांनी माझी जीभ कामाला लावली.

आत्यांनी नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. "तोंडात घ्यायची, गिळायची न्हाय. गिळलीस तर ती दारू, थुकलीस तर ते काम." इतका स्वच्छ कायदा मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही. एवढ्या वर्षांत मी तो मोडला नाही.

त्या थुंकण्यातच मी आमची वाईन शिकले. आमच्या मुरमाड जमिनीतली पांढरी वाईन आधी अर्धकच्च्या पेरूची लागते, मग कागदी लिंबाची, आणि शेवटी जिभेवर किंचित खारट काहीतरी रेंगाळतं. ते आमच्या विहिरीच्या पाण्याचं असावं असा माझा समज आहे, पुस्तकात तसं कुठे लिहिलेलं नाही. लाल वाईन जास्त हट्टी. आधी जांभूळ, मागून काळी मिरी, आणि नवी असताना कच्च्या सुपारीसारखी गालफडं आवळून धरते. पिंपात काही महिने राहिली की तिचा राग उतरतो आणि सुक्या खोबऱ्याचा वास येऊ लागतो. आमचं ऊन मात्र वैरी. द्राक्षात साखर धावत सुटते, आंबटपणा मागे पडतो. तोडणी जरा लांबली की वाईन जड होते आणि अर्ध्या पेल्यातच माणूस कंटाळतो. मला हे सगळं नाकाने कळत होतं. जीभ गोड, आंबट, तुरट एवढंच सांगते, बाकी सगळा कारभार नाकाचा.

आणि त्या दुपारी पुण्याच्या एका हॉटेलचा माणूस येणार होता. लाल वाईन आवडली तर तो सगळी घेणार होता. माझ्या तापामुळे त्याला एकदा पुढे ढकललं होतं, पुन्हा ढकललं असतं तर तो दुसरीकडे गेला असता. यंदा गिऱ्हाईक लागलं नाही तर बाग उपटून ऊस लावायचा, हे घरात ठरून गेलेलं होतं. तीन पिंपं एकत्र करून त्याला चव द्यायची होती. पण ताप येण्याआधी दाराजवळच्या पिंपाला मला नेलपॉलिशसारखा बारीक वास आला होता. असा वास कधी आपोआप जातो, कधी वाढत जाऊन वाईनचा शिरका होतो. तिन्ही पिंपांतून चवीपुरती वाईन काढायला मी एकच काचेची नळी वापरली होती, म्हणजे बाकीच्या दोन्हींचाही भरवसा नव्हता. बिघडलेलं एक मिसळलं की सगळ्याचं वाटोळं. प्रयोगशाळेत नमुना पाठवून उत्तर येईपर्यंत तो माणूस पुण्याला परत पोचला असता.

मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा आधी त्याला खरंच वाटेना. मग त्याने तंबाखू थुंकली, खळखळून चूळ भरली आणि म्हणाला, "थांब, मी बगतो." घोट घेतला. बराच वेळ विचार केला. "ग्वाड हाय की."

त्या वाईनमध्ये साखर औषधालाही नसते. "अहो, जीभ आहे का चपलेचा तळ!" मी ओरडले. माझा आवाज चढला म्हणून आत्या आल्या. त्यांना म्हटलं, तुम्ही नुसता वास घेऊन सांगा. त्यांनी नाकाला पदर लावला. "मला तिन्ही दारूच लागत्यात. मला इचारू नगंस."

तेवढ्यात दारात मामा उभे दिसले. वाईनच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. "द्राक्षं दारापतूर माजी, आतलं तुमचं," असं म्हणायचे. मला ते त्यांचं सोवळं वाटायचं. उंबरा ओलांडला म्हणून माळ बाटत नाही हो मामा, अशी मी त्यांची थट्टाही करायची आणि ते हसायचे. आज त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि सरळ आत आले. "दे हिकडं," म्हणाले.

मला हसूच आलं. पण आत्या हसल्या नाहीत. त्या धावत जाऊन पिंपाच्या आणि मामांच्या मधे उभ्या राहिल्या.

"तुमी मागं व्हा."

"बाग जाईल."

"जाऊ द्या! खड्ड्यात गेली बाग! माढ्याच्या स्टँडवरनं तुमाला उचलून आणलंय मी. अंगावर कापडं न्हवती तुमच्या. इसरला व्हय? ह्या पोराला इचारा, त्यो व्हता माज्यासंगं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली फरशीकडे बघत होता.

या घरात मी इतकी वर्षं काढली. मामांचं दुखणंखुपणं, त्यांची औषधं, त्यांना भाकरी कशी लागते, सगळं मला ठाऊक. आणि हे ठाऊक नव्हतं. मी समजत होते ती माळ भक्तीची. ती दारू सोडण्यासाठी गळ्यात घातलेली होती. खेड्यापाड्यात कितीतरी माणसं अशी माळ घालून सुटतात, मी त्यांच्या गोष्टी ऐकलेल्या होत्या, पण त्या दुसऱ्यांच्या घरच्या. मला धक्का बसला म्हणणं कमीच आहे. माझ्या पायाखाली जमीन राहिली नाही. मी रोज संध्याकाळी पेले विसळून त्यांच्या खाटेजवळून जात होते. माझ्या अंगाला वाईनचा वास येत असणार, आणि ते मला "आलीस का पोरी" म्हणत होते.

"याच माणसाच्या अंगणात तुम्ही हे सुरू केलंत?" मी नवऱ्याला म्हटलं. मला त्याची चीड आली होती, ती लपवायचं मला काही कारण दिसेना.

"आबाच म्हणले, कर," तो पुटपुटला. मामांना तो आबा म्हणतो. "बाग काढू नगं म्हणले."

मामांनी गळ्यातली माळ काढली आणि आत्यांपुढे धरली. आत्या हात पुढे करेनात. मग त्यांनी आत्यांची मूठ उघडली, माळ आत ठेवली आणि बोटं पुन्हा मिटली. आत्या रडायला लागल्या. मी म्हटलं, "मामा, नको. नसू दे बाग. मी त्या माणसाला फोन करते." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "भर पोरी." आणि मी पेल्यात भरली.

त्यांनी दाराजवळच्या पिंपातला घोट घेतला आणि लगेच बादलीत थुंकला. "ह्ये गेलंय. वाईट दारू आसाच वास मारायची. बाजूला काढ." दुसऱ्याला जास्त वेळ लागला. डोळे मिटून त्यांनी तोंडात हवा ओढली. मला हे शिकायला महिने लागले होते, त्यांना कोणी शिकवलं असेल? थुंकून म्हणाले, "चांगलं हाय. जांभळावानी." तिसरा घोट मात्र त्यांनी तोंडातच धरला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. आत्याही तिकडेच बघत होत्या. शेवटी ते वाकले आणि थुंकले. "ह्ये बी चांगलं. मागनं मिरी येती. ही दोन एक करा."

दुपारी तो पुण्याचा माणूस आला, पेला फिरवून फिरवून चव घेतली, दोन्ही पिंपांची वाईन घेतो म्हणाला. बाग राहिली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला त्याचा तेव्हाही आनंद झाला नाही.

त्याआधी सकाळी, मामांनी तिसरा घोट थुंकल्यावर, मी पेला घ्यायला हात पुढे केला. मामांनी दिला नाही. तळाशी घोटभर वाईन उरली होती आणि ते तिच्याकडे बघत उभे होते. पेल्याभोवती त्यांची बोटं पांढरी पडली होती. "मामा, द्या," मी म्हटलं. त्यांना ऐकू आलं नसावं. कपाळावर घाम आला होता, ओठ घट्ट मिटलेले होते. नवरा पुढे झाला तसा त्यांनी पेला छातीशी घेतला. मग मान न वळवता, अगदी हळू आवाजात ते आत्यांना म्हणाले,

"मला हितनं भाईर न्हे. माजं पाय निघंनात."