कानातलं वारं
उदाचा वास आला की मला कवठे येमाईचं कांद्याचं रान आठवतं. मी दहावीत होते. घरातले देव आईनं स्वतःच्या हातानं घोड नदीत सोडले होते आणि अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं मी शाळेत वाटायचे. त्या दुपारी कांदे काढताना आई एकाएकी डोलू लागली, बांधाला धरून ओकली आणि म्हणाली, "कानात वारं घोंगावतंय गं, जमीन फिरतीय." बायांनी तेवढा एकच शब्द धरला. वारं! "हिनं देव सोडलं, पर देवीनं हिला न्हाई सोडलं," टोळीची मुकादमीण हसली. घरी आणून त्यांनी ऊद घातला, कपाळाला कुंकू फासलं. "बये, माझ्या लेकीचं कवा जमंल?" एकीनं आईलाच देवी समजून विचारलं. आई ओरडत होती, "मला दवाखान्यात न्या!" "बया परीक्षा बघतीय," टोळीतली एक म्हातारी म्हणाली. मी संतापून कुंकू पुसायला गुडघ्यांवर बसले. आईचे डोळे एका बाजूला ओढले जात होते, ते मला तिचे वाटेनात. माझे हात जुळले. मी विचारलं, "मी पास होईन का?" वारं उतरायची वाट बघण्यात दोन दिवस गेले. शिरूरचे डॉक्टर म्हणाले, कान आतून सुजलाय, माणसाचा तोलही तिथंच असतो. लगेच आणलं असतं तर ऐकू येणं वाचवायला धडपडता तरी आलं असतं. आईचा उजवा कान कायमचा गेला. आज अंधश्रद्धेविरुद्धच्या सभेत बोलताना ‘त्या अडाणी बाया’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. शेवटचा प्रश्न मी विचारला होता.