उभ्या गाडीची थरथर

मेव्हण्याची जुनी गाडी आम्ही घेतली तेव्हा बायको म्हणाली, "घरातलीच आहे, फसायची भीती नाही." मेव्हणा नामपूरला कांद्याचा व्यापारी. त्याने स्वतः चालवत आम्हाला नाशिकभर फिरवून दाखवली होती आणि गाडी अगदी शांत वाटली होती.

माझ्या हातात आल्यावर मात्र ती सिग्नलला थांबली की थरथरू लागली. स्टिअरिंग, सीट, दाराची काच, सगळंच. मला आरशातून मागच्या गाड्यांचे नंबर वाचायची खोड आहे. थांबलो की आकडे पुसट व्हायचे, निघालो की स्पष्ट. चाकांचा दोष असता तर हादरे वेगात बसले असते. म्हणजे दोष इंजिनाकडे.

मेव्हण्याला फोन केला.

"तीन सिलिंडरनी गाडी शे, दाजी," तो अहिराणीत म्हणाला आणि हसला. "थोडी हलणारच. तुम्ही हिशेबी माणसं, लगेच शंका."

शंका होतीच. त्याच्या हातात असताना का हलत नव्हती?

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. प्रत्येक वेळी इंजिन अडखळलं, म्हणजे तिन्ही सिलिंडर काम करत होते. कार्बोरेटर साफ केला, फरक नाही. मग त्याने इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा धरून ते जॅकने जरासं उचललं, आणि थरथर थांबली. इंजिन ज्या रबरावर बसतं ते फाटलं होतं. फटीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबलेले होते.

"हे काही आपोआप इथं आलेलं नाही. कुणाची होती गाडी?"

"घरातलीच."

"मग बरोबर आहे," मेकॅनिक म्हणाला.

ते तुकडे मी कागदात गुंडाळून घरी नेले. बायकोने हातात घेतले नाहीत. मेकॅनिकने सांगितलेलं मी तिला सांगितलं: गाडी थांबल्यावर अॅक्सिलरेटर जरा दाबून धरला की ही थरथर शेजारच्याला कळत नाही.

"दादाला साधं बॉनेट उघडता येत नाही," ती म्हणाली. "त्याच्या मेकॅनिकने परस्पर केलं असेल. भाऊबीजेला येतोय तो, त्याच्यासमोर हा विषय नको."

तसंही असू शकत होतं. रबर नवीन बसवलं होतं, गाडी शांत झाली होती. भाऊबीजेला तो आला तेव्हा मी विषय काढला नाही, पण त्याच्याशी पूर्वीसारखं बोलणं जमेना.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्र्यंबकेश्वरला निघालो.

"आणा चावी, दाजी. तिची-माझी जुनी ओळख आहे."

मी त्याच्या शेजारी बसलो, बायको मागे. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला त्याने गाडी न्यूट्रल केली. गप्पा चालूच होत्या, कांद्याचा भाव, पोरांच्या शाळा. आणि त्याचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर हलका दाबलेला. इंजिनाचा आवाज चढला. गाडी दाखवायला आला तेव्हाही सिग्नलला असाच चढा आवाज होता. मी तो गाडीचा दम समजलो होतो.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मागून बायकोचा आवाज आला, "दादा, पाय काढ. रबर नवीन बसवलंय."

त्याने लगेच पाय काढला. आवाज खाली आला. माझ्या बाजूची काच जराही हलत नव्हती.

सिग्नल सुटला, गाडी बरीच पुढे गेली, तेव्हा तो म्हणाला, "कसलं रबर?"