पांढऱ्याच्या खालचा निळा

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साचतात, तसे आमच्याकडे किस्से साचतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण झाडू घेतला की ढीग निघतो. अर्जुनी मोरगावला आमची कपडेपटाची खोली आहे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे कपडे इथे तयार होतात. मी आधी कागदावर वॉटरकलरने पात्र रंगवते, मोबाईलवर त्याचा फोटो काढते आणि उरलेली कारागिरी टॅबवर करते. ते चित्र पाहून आमचे शिंपी गुलाबभाऊ शिवतात. एवढंच काम, पण त्यात काय काय घडतं!

*

राजकुमारीसाठी पोपटी कापड हवं होतं. गुलाबभाऊ मोबाईलमधलं चित्र घेऊन गोंदियाला गेले आणि शेवाळी कापड घेऊन आले. मी कपाळावर हात मारला. ते शांतपणे म्हणाले, "बॅटरी उतरून राहिली होती, म्हनून राजकुमारी काळवंडली."

तेव्हापासून कापडाच्या दुकानात हाताने रंगवलेला कागदच जातो. तिथे मोबाईल फक्त घरी फोन करायला.

*

कागदाचेही नखरे असतातच. एकदा पुष्पामावशीसोबत इटियाडोह धरणावर गेले होते. पुष्पामावशी म्हणजे आमच्या सगळ्या नाटकांतली आई, आणि आई म्हणजे विधवा, पांढऱ्या लुगड्यातली. "माहा नवरा पहिल्याच अंकात मरते," असं ती हसत सांगते. खरा नवराही कधीचाच गेला. तेव्हापासून घरीही ती फिकटच नेसते. कुणी सांगितलं नव्हतं, पण सवय पडली ती पडलीच.

त्या दिवशी ती झाडाखाली डोळे मिटून बसली होती, आणि मी पुढच्या नाटकातली आई रंगवत होते. ब्रश धरणाच्याच पाण्यात बुडवला. पाण्यात बारीक गाळ होता, त्यामुळे निळा रंग वाळताना लुगड्यावर लाटा उमटल्या. आईला निळं का दिलं, ते मलाही ठाऊक नाही. दुपार तशी होती, हात आपोआप चालत होता. इतकं सुंदर लुगडं मी पुन्हा रंगवू शकले नाही.

*

मंडळाच्या मालकांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, विधवा निळ्यात? पब्लिक खुर्च्या फेकेल. मी टॅबवर पांढरा थर चढवला आणि विषय संपवला.

मावशी शेजारीच होती. तिने विचारलं, याच्या खाली ते निळं अजून आहे का? मी बोटाने पांढरा थर घालवून दाखवला. निळं वर आलं. परत पांढरा आणला, परत घालवला. लहान मुलीसारखं तिने मला कितीतरी वेळा तेच करायला लावलं. मग टॅबवर हात ठेवून म्हणाली, "मले एकदा तरी हे नेसू दे न वो."

मालकांकडे मी तिची बाजू मांडली. त्यांनी नाही म्हटलं ते म्हटलंच. मला फार वाईट वाटलं.

*

आता चूक कुणाची म्हणायची? दाखवण्याच्या नादात पांढरा थर अर्धाच पुसट राहून गेला आणि ते चित्र तसंच गुलाबभाऊंच्या मोबाईलवर गेलं. त्यांनी जे दिसलं ते शिवलं. खाली धरणाच्या लाटांसारखं निळं लुगडं, वर विरविरीत पांढरी मलमल, आणि काठाला टाके घालून दोन्ही एक!

मालकांनी उन्हात उभं राहून तपासलं. ऊन समोरून पडत होतं, पांढरंच दिसलं. ठीक आहे म्हणाले.

प्रयोगात मावशी मेलेल्या नवऱ्याची आठवण काढत एकटी उभी राहिली. मागचा दिवा लागला आणि पांढऱ्याच्या आतून निळं हळूहळू वर आलं, पाण्याच्या तळातून यावं तसं. मावशीने खाली पाहिलं आणि वाक्यच विसरली. मांडवातल्या बाया माना उंचावून बघत होत्या. एकही खुर्ची हलली नाही. विंगेत मालक तोंड उघडून उभे होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गावी जायला निघाली. तिला सोडायला मी एसटी स्टँडवर गेले. बाकावर ती बसली होती, पायाशी पिशवी, आणि अंगावर ते निळं लुगडं. नुसतं निळं. काठाला उसवलेल्या टाक्यांचे दोरे लोंबत होते.

मी बघतच राहिले.

"काऊन पाहून राहिली?" मावशी पदर सारखा करत म्हणाली. "वरचं धुवाले टाकलं."